उन्हात ड्युअल क्लच ऑटोमॅटिक थरथरते, सर्व्हिसवाले म्हणतात मेकॅट्रॉनिक आणि क्लच दोन्ही बदला – खरंच गरज आहे का?

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. गाडी छोटी हॅचबॅक, टर्बो पेट्रोल, सात गिअरचा ड्राय ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (म्हणजे दोन क्लच, ऑइलमध्ये न बुडालेले). कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, मागे एकाने लिहिलं तर मूळ प्रश्न राहिला बाजूला आणि सगळे कुठली कंपनी भारी यावर भांडत बसले. पहिला मालक मीच, सहा वर्षं झाली, ६८ हजार किलोमीटर, वॉरंटी संपलेली, एक्स्टेंडेड घेतलेली तीपण संपलेली.

प्रॉब्लेम असा की सकाळी गाडी एकदम गुळगुळीत. दुपारी एसी लावून नवी पेठेत किंवा सात रस्त्याला अडकलो की चालत्या माणसाच्या वेगाने पुढे सरकताना गाडी अशी थरथरते की डॅशबोर्ड वाजतो, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हिसका, पुन्हा पहिल्यात येताना हिसका. रिव्हर्सला काही नाही. पुणे हायवेला लागलो, सावळेश्वरचा टोल ओलांडला की गाडी परत नव्यासारखी. मागच्या महिन्यात तुळजापूर घाटात पुढे भरलेला ट्रक, मागे गाड्यांची रांग, चढावर थांबत थांबत चाललो होतो तर स्क्रीनवर गिअरबॉक्स गरम झालाय, गाडी थांबवा असा मेसेज आला आणि गिअरचा आकडा ब्लिंक झाला. बाजूला घेतली, थोड्या वेळाने गेला मेसेज, घरी आलो.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी एस्टिमेट हातात दिलं, मेकॅट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर आणि पंपाचा डबा) + क्लच पॅक + मजुरी मिळून २ लाख ७० हजार! गाडीलाच आज पाच-साडेपाच येतील. स्कॅनमध्ये काय निघालं विचारलं तर म्हणाले ते सिस्टीममध्ये असतं, कस्टमरला देत नाही.

आता विचारायचं हे की दोन्ही पार्ट एकदम जातात का? एकजण म्हणतो नुसतं गिअर ऑइल बदल, ठीक होईल. दुसरा म्हणतो तुला ऑटोमॅटिक चालवता येत नाही. बायको म्हणते विकून टाका आणि साधी गिअरची घ्या. कुणाला अनुभव असेल तर सांगा, गाडी सध्या सकाळ-संध्याकाळच बाहेर काढतो.

बाळे_नाका

मालक सेम प्रॉब्लेम माझ्या सेलेरिओला पण आहे बे, पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मान पुढं जाती. मेकॅनिक चौकात दाखवलो, तो म्हणला ऑटोमॅटिकला असंच असतंय, सवय होती. दोन लाख सत्तर म्हणजे लईच झालं की. तेवढ्यात एक बुलेट येती.

गॅरेजवाला_भाऊ

बाळे नाका, तुमच्या सेलेरिओत ड्युअल क्लच नाही. ती एएमटी आहे, २०१४ ला मारुतीने आपल्याकडे पहिल्यांदा त्याच गाडीत आणली. आत गिअरबॉक्स साधा मॅन्युअल, क्लच एकच, फक्त तुमच्या पायाऐवजी आणि हाताऐवजी एक ॲक्च्युएटर क्लच दाबतो आणि गिअर टाकतो. गिअर बदलताना मान पुढे जाणं हा तिचा स्वभावच, गिअर बदलायच्या क्षणी एक्सिलेटर थोडा सोडला की कमी होतं. आणि क्लच प्लेट गेली तरी तुमचा खर्च साध्या गाडीच्या जवळपासच राहील, बुलेट घ्यायची वेळ येणार नाही.

आता मूळ प्रश्न. मी अकरा वर्षं वर्कशॉपला काढली आहेत, सध्या स्वतःचं गॅरेज आहे (सोलापुरात नाही, त्यामुळे गिऱ्हाईक ओढायला आलो असं समजू नका). जुळेसोलापूरकर, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकलीत, रिव्हर्सला काही नाही ही.

या सात गिअरच्या बॉक्समध्ये क्लच दोन असतात. एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. गाडी पहिल्यात चालत असते तेव्हा दुसरा आधीच तयार करून ठेवलेला असतो, नुसता एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो, म्हणून गिअर पडलेला कळत नाही. आता डोकं चालवा. गाडी जागेवरून उचलायचं काम पुढे जाताना पहिला क्लच करतो, मागे जाताना दुसरा. पुढे जाताना थरथर आणि मागे जाताना काही नाही म्हणजे संशय कुणावर? पहिल्या क्लचवर. मेकॅट्रॉनिकमधला पंप किंवा प्रेशर गेलं असतं तर दोन्हीकडे बोंब झाली असती, कारण दोन्ही क्लच त्याच प्रेशरवर चालतात.

खात्री करायची तर अशी करा. दुपारी गाडी तासभर गावात फिरवून तापवा, मग एखाद्या चढावर, एखाद्या मोठ्या हॉस्पिटलच्या पार्किंगचा रॅम्प असला तरी चालेल, रिव्हर्समध्ये हळू चढवा. गुळगुळीत चढली तर दुसरा क्लच ठीक. मग तीच चढण पहिल्यात. फरक तुम्हालाच कळेल, मशीन लागणार नाही.

मेकॅट्रॉनिक म्हणजे काय ते पण सांगतो, कारण हा शब्द ऐकूनच लोक घाबरून सही करतात. कॉम्प्युटर, सेन्सर, व्हॉल्व्ह आणि एक इलेक्ट्रिक पंप हे सगळं एका डब्यात, गिअरबॉक्सच्या अंगाला बोल्टने लावलेलं. त्याचं ऑइल वेगळं, साधारण लिटरभर, गिअरच्या ऑइलशी त्याचा संबंध नाही. यातली नेहमीची बोंब म्हणजे प्रेशर साठवणारा ॲक्युम्युलेटर जिथे बसतो तिथे ॲल्युमिनियमच्या बॉडीला चीर जाते, ऑइल बाहेर येतं, प्रेशर धरत नाही. ते झालं की थरथर होत नाही हो, गिअरच गायब होतात! फक्त विषम गिअर राहतात किंवा फक्त सम, नाहीतर चालत्या गाडीत न्यूट्रल होतं आणि सगळे गिअर ब्लिंक. ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर खालून दोन-तीन सेकंद घूं आवाज येतो ना, तो पंप प्रेशर भरतोय. आला आणि थांबला तर उत्तम. सारखा सारखा यायला लागला, किंवा थांबतच नाही, तर लीकेज समजा. हे तुम्ही घरच्या पार्किंगमध्ये रात्री शांततेत बघू शकता, फुकट.

आणि गिअरबॉक्सला हात लावायच्या आधी तीन गोष्टी, ज्या सर्व्हिस सेंटरला बघायला वेळ नसतो कारण त्यात त्यांना काही सुटत नाही. एक बॅटरी. सहा वर्षांत कधी बदललीय का? व्होल्टेज पडलं की हे कंट्रोल युनिट काहीही एरर टाकतं. दुसरं इंजिन माउंटिंग, खासकरून खालचं जे इंजिनला पुढे-मागे हलू देत नाही ते. त्याचं रबर फाटलं की क्लच धरताना इंजिन उडी मारतं आणि ती थरथर केबिनमध्ये येते, लोक शिव्या गिअरबॉक्सला घालतात. तिसरं प्लग आणि कॉइल, कमी आरपीएमला एसीच्या लोडवर एक सिलेंडर जरासा मिस झाला तर अगदी हुबेहूब असंच वाटतं. एसी बंद करून त्याच ट्रॅफिकमध्ये चालवून बघा.

गिअर ऑइलचं ज्याने सांगितलं त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. ड्राय क्लचला ऑइलची गरजच नाही, उलट प्लेटवर ऑइल गेलं तर तोच रोग. वेट क्लचवाले बॉक्स असतात, जसा फोक्सवॅगनचा सहा गिअरचा डीक्यू२५०, त्यात क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात आणि दर ६० हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलावाच लागतो. तुमच्यात नाही.

स्कॅन रिपोर्ट मात्र घ्याच. पावणेतीन लाख मागतायत आणि कोड दाखवत नाहीत, असं कुठे असतं का? लेखी मेल टाका, कुठला कोड, किती किलोमीटरला आला, क्लचचं तापमान कितीपर्यंत गेलं होतं आणि दोन्ही क्लचच्या ॲडॅप्टेशनच्या व्हॅल्यू (क्लच झिजेल तसं कॉम्प्युटरने जुळवून घेतलेले आकडे).

होटगीरोड_८४

वरच्या भाऊंनी मशीनचं सांगितलं, मी चालवण्याचं सांगतो, कारण माझ्याकडे पण ड्राय ड्युअल क्लच आहे आणि लाखाच्या पुढे गेलीय, क्लच अजून पहिलाच.

ही गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाल्या जुन्या ऑटोमॅटिकसारखी दिसते पण तशी नाही. त्यात इंजिन आणि चाकाच्या मधे तेल असतं, कितीही वेळ रांगा, घासायला काही नाही. इथे मधे प्लेट आहे. गाडी रांगते तेव्हा प्लेट घसटत असते, दोन तळहात दाबून चोळत राहा, किती वेळात भाजतं बघा. वर आपलं सोलापूरचं ऊन, एप्रिल-मे मध्ये ४२-४३ नेहमीचं, खाली डांबर त्याहून गरम, आणि या क्लचला थंड करायला फक्त हवा.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे अर्धा ब्रेक. पुढची रिक्षा वीतभर सरकली की ब्रेक जरासा ढिला करायचा, परत जरासा दाबायचा, यात क्लच अर्धा धरलेला राहतो आणि ब्रेकशी भांडत राहतो. पूर्ण दाबला की बॉक्स स्वतः क्लच सोडून देतो. म्हणून मी एक गाडी मावेल एवढी जागा होऊ देतो, मग ब्रेक पूर्ण सोडून नीट जातो, मग पूर्ण दाबून थांबतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. चढावर एक्सिलेटरवर गाडी तोलून धरणं तर बिलकुल नाही, हँडब्रेक किंवा ऑटो होल्ड. हळू ट्रॅफिकमध्ये मॅन्युअल मोडला पहिल्यात टाकून ठेवायची, म्हणजे सारखं एक-दोन-एक-दोन करत नाही. पंढरपूर रोडला सीझनमध्ये उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागे अडकलात तर त्यांच्या बुडाला चिकटून जाऊ नका, सोडून द्या लांब आणि दुसऱ्यात एका वेगाने या.

सिग्नलला न्यूट्रल करावं का यावर लोक मारामाऱ्या करतात. ब्रेक पूर्ण दाबलेला असेल तर गरज नाही. रेल्वे फाटकाला वगैरे थांबलात तर पी (पार्क).

आणि तापल्याचा मेसेज आला की सावलीत बाजूला घ्या, पी टाका, पण इंजिन चालू ठेवा. सगळे घाबरून पहिली चावी बंद करतात. ह्युंदाई-किआच्या गाडीसोबतच्या पुस्तिकेत तर स्क्रीनवर येणाऱ्या मेसेजमध्येच इंजिन चालू ठेवून पार्क करा असं सांगितलेलं आहे.

सडेतोड_सोलापुरी

होटगी रोडवाले, राग मानू नका पण तुमचं सगळं पटत नाही. माणूस ऑटोमॅटिक घेतो कशाला? ट्रॅफिकसाठी. आणि मग त्यालाच सांगायचं की ट्रॅफिकमध्ये एक गाडी जागा ठेव, अर्धा ब्रेक दाबू नको, मॅन्युअल मोडला टाक. मग दोन लाख जास्त देऊन काय मिळालं, डाव्या पायाला सुट्टी आणि डोक्याला काम? अशोक चौकात एक गाडी जागा सोडली तर तिथे तीन रिक्षा आणि एक हातगाडी घुसते.

ड्युअल क्लच हे मूळ रेसिंगचं डोकं आहे. पोर्शेने ऐंशीच्या दशकात ९५६ या रेसच्या गाडीत वापरलं, विकायच्या गाडीत २००३ ला गोल्फ आर३२ मध्ये आलं, तेही वेट क्लचचं. पुढे वजन आणि पेट्रोल वाचवायला छोट्या गाड्यांसाठी ड्राय काढलं आणि युरोपच्या थंड हवेतल्या मोकळ्या रस्त्यांवरची ही वस्तू गरम देशांत आली. मग काय झालं ते जगजाहीर आहे. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या ड्राय डीएसजीवर (त्यांच्या ड्युअल क्लचचं नाव) चीनमध्ये एवढ्या तक्रारी झाल्या की तिथे वॉरंटी १० वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर करावी लागली, आणि २०१३ च्या नोव्हेंबरला जगभरातल्या १६ लाख गाड्या बोलावून त्यातलं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल घातलं, कारण गरम दमट हवेत शॉर्टसर्किट होत होतं. फोर्डचा सहा गिअरचा पॉवरशिफ्ट तर विचारूच नका, फिएस्टा, फोकस आणि आपल्याकडे इकोस्पोर्टमध्ये होता. शाफ्टच्या सीलमधून ऑइल गळून ड्राय क्लचवर जायचं आणि गाडी थरथरायची. ऑस्ट्रेलियात गिऱ्हाइकांच्या तक्रारी नीट हाताळल्या नाहीत म्हणून २०१८ ला कोर्टाने फोर्डला १ कोटी डॉलरचा दंड लावला, तिथे पण आधी गिऱ्हाइकांना हेच ऐकवत होते, तुम्हाला चालवता येत नाही!

म्हणून कुणी ड्रायव्हिंगवर ढकललं की माझं डोकं फिरतं. कंपन्यांनाही कळलंय ते. टाटाने २०२२ ला अल्ट्रोझमध्ये ड्युअल क्लच आणला तो सरळ वेट आणला आणि पोलो, व्हेंटोला २०२० ला एक लिटर टर्बो आलं तेव्हा डीएसजी काढून सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर टाकला.

जुळेसोलापूरकर, वहिनी बरोबर बोलतायत.

होटगीरोड_८४

सडेतोड साहेब, डिझाइनमध्ये कमी आहे हे मला मान्यच आहे हो. पण यांच्या दारात गाडी उभी आहे, ती आता डिझाइन बदलून थोडीच येणार. ज्याच्याकडे आहे त्याने कशी वापरायची एवढंच मी सांगितलं. आणि हायवेला ती ज्या पद्धतीने ओव्हरटेक करते ते तुमच्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्याला जमवून दाखवा, मग बोलू 😄

अक्कलकोटरोड_एमआयडीसी

पैशाचं आणि कागदाचं थोडं. वॉरंटी संपली तरी कंपनीच्या रिजनल ऑफिसला गुडविल मागता येतं, म्हणजे पार्टच्या किमतीतला काही हिस्सा कंपनीने सोसायचा. पहिला मालक आणि सगळी सर्व्हिस हिस्ट्री त्यांच्याकडचीच असेल तर तुमची बाजू जड. डीलरच्या तोंडी बोलण्यावर थांबू नका, मेल करा आणि डीलरला सीसीमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी आवाज बदललेला असतो. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथेच चालते, ऑनलाइन पण भरता येते. पण तिथे तारखा पडतात, तोपर्यंत गाडी दारात ठेवायची तयारी पाहिजे.

अजून एक, जुना पार्ट परत मागायचा असं एस्टिमेटवरच लिहून घ्या. मेकॅट्रॉनिक बदललं म्हणतात आणि जुना कुठे गेला विचारलं तर कंपनीला पाठवला. पैसे आपण भरलेत तर पार्ट आपला.

पार्कचौक_कट्टा

फॉलो करतोय. मी सेकंडहँडमध्ये असलीच एक बघितलीय, २०१९ ची, ५२ हजार चाललेली, पुण्याची पासिंग. चालवायला मजा येते म्हणून मन अडकलंय. हे वाचून पोटात गोळा आला.

जुळेसोलापूरकर

मंडळी, उशीर झाला, पण पूर्ण निकाल लागल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

भाऊंनी सांगितलं तसं आधी घरीच बघितलं. दरवाजा उघडल्यावर पंपाचा आवाज येतो आणि थांबतो, परत येत नाही. कार्डबोर्ड टाकून ठेवला रात्रभर, खाली एक थेंब नाही. मग भर दुपारी गाडी तापवून रॅम्पवर रिव्हर्सने चढवली, एकदम लोणी. पुढे घेतली तर तीच थरथर. बॅटरी आपल्या इथेच चेक केली, कंपनीतून आलेली मूळचीच होती आणि लोडवर बसत होती, ती बदलली. प्लग-कॉइल ठीक. खालचं इंजिन माउंटिंग मात्र फाटलेलं निघालं, रबर पूर्ण सुटलेलं! सर्व्हिस सेंटरच्या एस्टिमेटमध्ये त्याचं नावसुद्धा नव्हतं. ते बदलल्यावर डॅशबोर्ड वाजायचा बंद झाला, थरथर निम्म्यावर आली, पण गेली नाही.

मेल टाकला सीसी करून, तसाच जसा वर सांगितला तसा. तिसऱ्या दिवशी स्कॅन रिपोर्ट आला, जो कस्टमरला देत नाहीत तो. त्यात प्रेशरचा एकही कोड नाही. एकच नोंद, क्लच जास्त तापल्याची, आणि किलोमीटर बघितले तर तो तुळजापूर घाटाचाच दिवस. म्हणजे मेकॅट्रॉनिक बदला म्हणायला यांच्याकडे कागदावर काहीच नव्हतं. गुडविलला नाही म्हणाले, गाडी जुनी झाली म्हणून.

मग पुण्याला भाच्याकडे जायचंच होतं तर तिथल्या एका बाहेरच्या गॅरेजला नेली जे फक्त असलेच बॉक्स करतात. त्यांनी लॅपटॉप लावून मला शेजारी बसवून गाडी चालवली. पहिल्या क्लचची झिजेची व्हॅल्यू शेवटाला आलेली, दुसऱ्याचा बराच जीव बाकी. आधी बेसिक सेटिंग मारून (लॅपटॉपवरून क्लचची सेटिंग नव्याने करून) बघितलं, तासभर बरी वाटली आणि हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये परत सुरू. मग क्लच पॅक बदलला. दोन्ही क्लच एकाच जोडीत येतात त्यामुळे एकच बदलायचा प्रश्न नव्हता. जुना उघडल्यावर पहिल्या प्लेटसमोरचा लोखंडी पृष्ठभाग जळून निळा पडलेला, दुसरा साधा करडा. जुना पार्ट डिकीत टाकून आणलाय.

बॅटरी, माउंटिंग, क्लच पॅक, मजुरी सगळं धरून १ लाख १८ हजार. कमी नाहीत, पण २ लाख ७० पण नाहीत. मेकॅट्रॉनिक तेच जुनं आहे. परत आल्यावर भर उन्हात नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती सगळीकडे मुद्दाम फिरवली. थरथर नाही.

बायकोचं म्हणणं अजून तेच आहे, पण आता एवढे पैसे घातल्यावर लगेच विकत नाही.

गॅरेजवाला_भाऊ

व्यवस्थित काम झालं. दोन गोष्टी बघा. बिलावर क्लच पॅकचा पार्ट नंबर आणि किती महिन्यांची वॉरंटी ते लिहून घेतलंय का. दुसरं, बसवताना एंगेजमेंट बेअरिंगच्या खाली योग्य जाडीचे शिम (पातळ चकत्या) मोजून टाकावे लागतात, त्याला स्पेशल टूल लागतं, ते न वापरता अंदाजाने बसवलं तर काही हजार किलोमीटरने परत थरथर येते. तुम्ही शेजारीच बसला होतात म्हणजे बघितलं असेल. पहिले हजारभर किलोमीटर जरा सांभाळून, नवीन प्लेट बसायला वेळ घेते, या काळात तुळजापूरला जायचं तर पहाटे जा.

बाकी सडेतोड साहेब आणि होटगी रोड, तुम्ही दोघेही बरोबर आहात. ज्या गाड्यांचे क्लच मी उघडलेत त्यात गावातल्या गावात फिरणाऱ्यांचे जळलेले जास्त आणि हायवेवाल्यांचे कमी. मग हा चालवणाऱ्याचा दोष म्हणायचा की विकणाऱ्याचा, ज्याने रोजच्या चार किलोमीटरच्या ऑफिसला जाणाऱ्याला हा बॉक्स विकला? माझ्या मते शोरूममध्ये पहिला प्रश्न हाच विचारायला पाहिजे की रोज कुठे चालवणार. कुणी विचारत नाही.

जुळेसोलापूरकर

हो, मोजून टाकले, फोटो काढून ठेवलेत. वॉरंटी एक वर्ष लिहून दिलीय.

पार्कचौक_कट्टा

भाऊ, मग मी ती २०१९ ची घेऊ का नको? पार्टी म्हणते उद्या टोकन द्या नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

गॅरेजवाला_भाऊ

दुसरं गिऱ्हाईक नेहमीच तयार असतं. त्यांना सांगा दुपारी तीनला बघायला येतो, सकाळी नाही. थंड गाडीत या बॉक्सचं काहीच कळत नाही. अर्धा-पाऊण तास गावातल्या गर्दीत चालवा, मग चढावर पुढे आणि मागे हळू चढवा, मॅन्युअल मोडला एक ते सात सगळे गिअर पडतात का बघा. दरवाजा उघडून पंपाचा आवाज ऐका. स्कॅन करायला नाही म्हणाले तर तिथूनच परत या. आणि पुण्यात कुठे चालत होती विचारा, रोज हिंजवडीला जाणारी असेल तर ५२ हजार हा आकडा विसरा, त्यातले अर्धे तास ती क्लच घासत उभी होती.

सगळं ठीक निघालं तरी किमतीतून क्लच पॅकचे पैसे धरून लाखभर खाली मागा. दिली तर घ्या.

पार्कचौक_कट्टा

दुपारी तीनला या म्हणालो तर पार्टी म्हणते सकाळीच या, दुपारी ऊन फार असतं 😂 नाही घेत.